पुरस्काराला नाव, शाळेला नाही

नाचणारी बाई म्हातारी झाल्यावर तिला काय म्हणायचे, हा प्रश्न मराठी समीक्षेने फारसा विचारलेला नाही. ती तरुण असते तेव्हा शब्दांची वाण नसते. ती नाची असते, कलावंतीण असते, लावणीसम्राज्ञी असते. तिच्या अदांवर लेख लिहिले जातात, तिच्या धंद्यावर सिनेमे निघतात. पायांतले चाळ सुटले, गुडघे गेले, की हे सगळे शब्द गळून पडतात. कथक शिकवणाऱ्या बाईंना आपण गुरू म्हणतो. तमाशातल्या म्हाताऱ्या बाईला मावशी म्हणतो. मावशी हे नाते आहे, पद नव्हे. पदाला पगार असतो, खुर्ची असते, हजेरीपट असतो. नात्याला यांपैकी काहीही नसते.

हा लेख त्या पदाविषयी आहे. व्यावसायिक नर्तकीचे शरीर चाळिशीच्या आसपास थकते, ही गोष्ट जगात सर्वत्र सारखीच आहे. त्यानंतर तिच्या अंगातल्या विद्येचे काय होते, हे मात्र सर्वत्र सारखे नाही. ते समाजरचनेवर ठरते. आणि आपल्याकडे समाजरचना म्हणजे जात. हे म्हणणे मांडण्यासाठी मी दोन नर्तकींची आयुष्ये शेजारी शेजारी ठेवते. एक रशियातली, बॅलेची. दुसरी आपल्या पुणे-नाशिक रस्त्यावरची, तमाशाची.

१

आग्रिपिना वागानोवा १८७९ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मली. बाप तिथल्या मारिइन्स्की नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवणारा नोकर होता. तो तिच्या लहानपणीच गेला. मुलीला सरकारी नृत्यशाळेत प्रवेश मिळाला, तिथे ती घडली आणि १८९७ मध्ये त्याच नाट्यगृहाच्या नृत्यसंचात नोकरीला लागली. रूपाने आणि बांध्याने ती त्या काळच्या आवडीत बसणारी नव्हती. उड्या आणि पदन्यास यांत तिचा हात धरणारे फार थोडे होते, तरी 'बॅलेरिना' हा वरचा दर्जा तिला निवृत्तीच्या अगदी तोंडावर मिळाला. १९१६ मध्ये तिची रंगमंचावरची कारकीर्द संपली. दुसऱ्याच वर्षी रशियात क्रांती झाली. पेन्शन, पगार, सगळेच डळमळले.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर वागानोवाचे नाव आज कोणाला ठाऊक नसते. १९२१ पासून ती जुन्या सरकारी शाळेत शिकवू लागली. स्वतःला जे तीस वर्षांत धडपडत सापडले होते ते तिने क्रमाने मांडले: पाठीचा कणा कसा धरायचा, हात पायांना कशी मदत करतात, कोणती हालचाल कोणत्या वर्षी शिकवायची. १९३४ मध्ये तिचे पुस्तक निघाले. गालिना उलानोव्हा, मारिना सेम्योनोव्हा या तिच्या विद्यार्थिनी जगभर गाजल्या. १९५१ मध्ये ती वारली आणि १९५७ मध्ये त्या शाळेला तिचे नाव दिले गेले. जागा दाखवणाऱ्या नोकराच्या मुलीचे नाव आज एका पद्धतीचे नाव आहे. जगात कुठेही बॅले शिकणारे मूल 'वागानोवा पद्धत' हे शब्द ऐकतेच.

आमचे काही मित्र यावर म्हणतील, बॅले ही राजदरबारातली, प्रतिष्ठितांची कला. तिची तमाशाशी तुलना कशाला? हा आक्षेप बॅलेच्या इतिहासाच्या अज्ञानातून येतो. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिस ऑपेराकडे पाहा. तिथे नाचणाऱ्या मुली धोबिणींच्या, दरवानांच्या, मोलकरणींच्या घरातून येत. वर्षाची वर्गणी भरणाऱ्या श्रीमंत पुरुषांना रंगमंचामागच्या दालनात शिरण्याची मुभा असे. ते तिथे कशासाठी जात, हे त्या शहरात सर्वांना ठाऊक होते. तमाशाच्या कनातीमागे घुटमळणारे पाटील-सावकार आपण पाहिले आहेत; पॅरिसचे तेच लोक उंच टोपी घालत, एवढाच फरक.

चित्रकार देगा याने १८८१ मध्ये चौदा वर्षांच्या नर्तकीचा एक पुतळा मांडला. त्यासाठी मारी व्हॅन गोथेम ही मुलगी उभी राहिली होती. आई धोबीण. तीन बहिणी, तिघीही ऑपेरात नाचायला धाडलेल्या. थोरली चोरीच्या आरोपात तुरुंगात गेली. मारीला १८८२ मध्ये ऑपेराने काढून टाकले आणि पुढे ती कुठे गेली याचा धड पत्ता नाही. धाकटी मात्र त्याच संस्थेत नर्तकी म्हणून टिकली आणि पुढे तिथेच शिक्षिका झाली. एकाच धोबिणीच्या पोटच्या तीन मुली, एकच कला, एकच रंगमंच. धाकटीला वाचवले ते कलेच्या पावित्र्याने नव्हे. पगार देणारी, परीक्षा घेणारी आणि वय झाल्यावर शिकवायला ठेवून घेणारी एक संस्था तिच्या पाठीशी उभी राहिली म्हणून ती वाचली.

आज त्याच ऑपेराच्या नर्तकांना ४२ व्या वर्षी पेन्शनसह निवृत्ती मिळते. या व्यवस्थेचे मूळ १६९८ पर्यंत मागे जाते. तिला धक्का लावण्याचा घाट घातला गेला तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या नर्तकी संपावर गेल्या आणि ऑपेराच्या पायऱ्यांवर, थंडीत, उघड्यावर नाचल्या. त्या कलेची महती सांगत नव्हत्या, पेन्शन मागत होत्या. बॅलेला आलेली प्रतिष्ठा अशी आली आहे: शाळा, वेतन, पेन्शन आणि संप. सौंदर्यशास्त्र मागाहून आले.

२

आता आपल्या रस्त्यावर येऊ. भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव. हा रस्ता कारखान्यांचा आहे आणि तमाशाचाही आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग मोटारींचे आणि स्कूटरांचे कारखाने आले, १९८२ मध्ये महापालिका झाली. पुढे उद्योग चाकणला सरकले. १९९९ मध्ये बजाज, २००९ मध्ये फोक्सवागन. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून माणसे आली आणि आपल्या जत्रांची आठवण घेऊन आली. याच रस्त्यावर नारायणगावला दरवर्षी पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे जाऊन सुपारी ठरवतात. चाकणच्या कारखान्यात संगणकावर चालणारे यंत्र सांभाळणारा पोरगा चैत्रात गावाकडच्या कमिटीबरोबर राहुटीत बसून घासाघीस करतो. दोन जगे नाहीत ही, एकच आहे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या मातीतल्या. जन्म १९३५, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड प्रसिद्ध होता. विठाबाईंनी कुठल्या शाळेत नाच शिकला नाही, फडातच शिकल्या. वागानोवाला सरकारी शाळेने जे दिले ते विठाबाईंना फडाने दिले, हे खरे आहे. पण शाळेने पोट, कपडा आणि भविष्य दिले. फडाने विद्या दिली आणि भाकरीची जबाबदारीही त्याच वयात खांद्यावर टाकली. दिवस भरलेले असताना विठाबाई फडात उभ्या राहिल्या, प्रयोग चालू असताना पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. ती सांगताना आमच्या लेखक-वक्त्यांचे डोळे पाणावतात. केवढी ही कलानिष्ठा, असे ते म्हणतात.

मला या शब्दाची चीड येते. ज्या बाईला बाळंतपणाची रजा नाही तिच्या नाइलाजाला कलानिष्ठा म्हणायचे? पिंपरीतल्या एखाद्या कारखान्यात कामगार बाई यंत्रापाशी बाळंत झाली असती तर आपण तिला यंत्रनिष्ठ म्हटले असते की मालकावर खटला भरला असता? दलित स्त्रीच्या श्रमाला कला म्हटले की श्रमाचे सगळे कायदे तिथून हद्दपार होतात. प्रस्थापित समीक्षेने तमाशावर केलेला हा सर्वांत गोड आणि सर्वांत क्रूर अन्याय आहे.

१९९० मध्ये विठाबाईंचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या. अखेरच्या आजारपणातले दवाखान्याचे बिल देणगीदारांनी भरल्याची नोंद आहे. २००६ पासून महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रासाठी जीवनगौरव पुरस्कार देते. पुरस्कार चांगलाच आहे. ज्या वृद्ध कलावंतांना तो मिळाला त्यांच्या घरात त्याने चूल पेटवली असेल. पण पुरस्कार आणि शाळा यांत फरक काय, तो नीट पाहावा. पुरस्कार थकलेल्या शरीराला एकदा मिळतो. त्याला विद्यार्थी लागत नाहीत, अभ्यासक्रम लागत नाही, दरमहा वेतन लागत नाही. पुरस्कार देणाऱ्याला घेणाऱ्याकडून काही शिकावे लागत नाही. शाळेला नाव द्यायचे तर आधी मान्य करावे लागते की या बाईजवळ शिकण्यासारखी विद्या होती. महाराष्ट्राने विठाबाईंचे नाव पुरस्काराला दिले. रशियाने वागानोवाचे नाव शाळेला दिले. माझा सगळा लेख या एका फरकात आहे.

३

विद्या होती का, अशी शंका अजूनही काढली जाते. तमाशा म्हणजे अंगभूत, उपजत, रांगडे. त्यात शिकवण्यासारखे काय? ही शंका काढणाऱ्यांनी वाईच्या यमुनाबाई वाईकरांचे उदाहरण पाहावे. १९१५ चा जन्म, कोल्हाटी समाजातला. लहानपणी आईबरोबर रस्त्यावर गाऊन भीक मागितलेली ही बाई बैठकीच्या लावणीची अखेरची मोठी जाणकार ठरली. १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये मृत्यू. बैठकीच्या लावणीत बाई उठून नाचत नाही. बसल्या जागी एकच ओळ ती पुनःपुन्हा गाते आणि प्रत्येक वेळी डोळ्यांनी, मानेने, बोटांनी, पदराने तिचा अर्थ बदलते. एकदा ती ओळ रुसवा होते, एकदा टोमणा, एकदा विनवणी. याला बुद्धी लागते, स्वरज्ञान लागते, तालाची पक्की जाण लागते. फडातल्या उभ्या नाचाचेही तसेच. जड चाळ बांधून ढोलकीच्या बोलाला पायाने उत्तर द्यायचे, दम सांभाळून पुढची ओळ उचलायची, समोरच्या हजारोंच्या गर्दीवर नजर ठेवायची. हे उपजत येत नाही. कोणीतरी कोणालातरी शिकवले म्हणूनच ते येते.

शिकवणे तर नेहमीच चालू होते. संगीत बारीत म्हातारी झालेली कलावंतीण बारीची मालकीण होते. बहिणीच्या, भावाच्या, लेकीच्या पोरींना ती उभी करते, चुकले तर फटका देते, अदा बसवून घेते. ही शिक्षिकाच. पण तिच्या शिकवण्याचे मोल पोरीच्या कमाईतून वसूल व्हायचे असते. म्हणून शिकणारी पोर विद्यार्थिनी राहत नाही, ती घराचे पोट होते; आणि शिकवणारी गुरू राहत नाही, ती मालक होते. विद्या आणि धंदा यांची ही गाठ जातीने मारली आहे. ती न सोडवता 'परंपरा टिकली पाहिजे' असे म्हणणे म्हणजे ती पोर तिथेच राहिली पाहिजे असे म्हणणे होय.

४

इथे आपल्या चळवळीचा मोठा प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्यापुढे भाषण केले आणि हा धंदा सोडा, असे निक्षून सांगितले. गरिबी आली तरी चालेल, माणूस म्हणून जगा, हा त्याचा आशय होता. पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला देऊ केलेला पैसा बाबासाहेबांनी नाकारला, असेही सांगितले जाते; बाईच्या नाचावर मिळवलेला पैसा त्यांना नको होता. आमच्या वस्त्यांनी हा आदेश मनावर घेतला. मुलीने पायात चाळ बांधणे ही आमच्या घरांत शरमेची गोष्ट झाली, आणि त्या शरमेच्या बळावर आमच्या पिढीच्या मुली शाळेत गेल्या. आमच्या घरात पहिली पदवी माझी. ती त्या नकारातून आली आहे, हे मी विसरू शकत नाही.

तेव्हा मी आज तमाशाची शाळा मागते आहे ती त्या नकाराच्या विरोधात आहे काय? मला तसे वाटत नाही. १९३६ सालच मुद्दाम पाहा. त्याच वर्षी मद्रासला रुक्मिणीदेवींनी जी संस्था सुरू केली ती पुढे कलाक्षेत्र म्हणून नावारूपाला आली. देवदासींचा नाच तिथे ब्राह्मण आणि इतर वरच्या जातींच्या मुलींच्या अंगावर चढला, भरतनाट्यम म्हणून शुद्ध ठरला आणि देशाचे भूषण झाला. रुक्मिणीदेवींना आपल्या देशाच्या नाचाकडे वळायला सांगणारी आना पावलोव्हा ही बॅलेची नर्तकी होती आणि तीसुद्धा धोबिणीची मुलगी होती, हा इतिहासाचा एक विनोदच. नाच उचलला गेला, नाचणारी मागे राहिली. आपल्याकडेही पुढे तेच घडले. १९४७ मध्ये पुण्यात रोहिणी भाटे यांनी नृत्यभारती सुरू केली. त्यांनी आयुष्यभर निष्ठेने कथक शिकवले, लिहिले, शिष्या घडवल्या. त्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण त्याच सुमाराला मुंबई राज्याचे सरकार अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदी घालत होते आणि मग संहिता तपासून परवाने देत होते. एका नाचाला वर्ग मिळाला, दुसऱ्याला परिनिरीक्षण मंडळ. पुढे विद्यापीठातल्या ललित कला केंद्रात कथकच्या, भरतनाट्यमच्या पदव्या आल्या. दोन्ही नाचांत शृंगार होता, दोन्हींच्या मागे कलावंतिणींची परंपरा होती. मग फरक कशाने पडला? शिकवणारीची जात बदलली की नाच शास्त्रीय होतो, एवढेच उत्तर मला दिसते.

बाबासाहेबांचा नकार जातीने लादलेल्या धंद्याला होता. शिक्षणाला तो नव्हता; शिक्षण हाच तर त्यांचा पहिला शब्द. आमच्या जलशांनी तमाशाचा साचा घेतला, गण-गौळण बदलून त्यात प्रबोधन भरले आणि शाहिरांना मान दिला. ते योग्यच झाले. पण नाचणाऱ्या बाईसाठी चळवळीजवळ 'सोड' याखेरीज शब्द उरला नाही. जी सोडू शकली तिची लेक आज शिक्षिका आहे, परिचारिका आहे. जी सोडू शकली नाही तिच्याशी आपण बोलणेच सोडले. तिला बोलावले ते पुरस्कारवाल्यांनी आणि नंतर टीव्हीवाल्यांनी.

५

जागा रिकामी राहत नाही. या औद्योगिक पट्ट्यात आज लावणी कोण शिकवते ते पाहावे. निगडीपासून पिंपळे सौदागरपर्यंत नृत्याचे वर्ग आहेत. स्नेहसंमेलन आले की महाविद्यालयातल्या मुली तिथे जाऊन पंधरा दिवसांत लावणी 'बसवून' येतात. नऊवारी भाड्याची, चाळ भाड्याचे, गाणे सिनेमातले. मी ज्या मुलींना शिकवते त्यांत कंत्राटी कामगारांच्या मुली आहेत, अधिकाऱ्यांच्याही आहेत. त्या मनापासून नाचतात आणि टाळ्या घेतात. त्यांचा दोष नाही. पण त्यांना शिकवणाऱ्यांच्या यादीत फडात चाळीस वर्षे नाचलेली बाई नसते. ती वीस-पंचवीस कोसांवर बसलेली असते, सरकारी मानधनाच्या कागदावर अंगठा उठवत. मानधन आणि वेतन हे दोन शब्द बारकाईने वाचावेत. मानधन ती कधीकाळी नाचली म्हणून मिळते. वेतन ती आज काही देते म्हणून मिळाले असते.

या पट्ट्यातल्या माणसांना मी एक साधे उदाहरण देते. लोखंड तापवून जोडणे ही एके काळी जातीची विद्या होती. बाप लोहार म्हणून मुलगा लोहार. आयटीआय आली आणि ती विद्या संधाता, जोडारी, कातारी या व्यवसायांत वाटली गेली. प्रवेश गुणांवर आणि आरक्षणावर, अभ्यासक्रम दोन वर्षांचा नाही तर एक वर्षाचा, शिकवणारा पगारी निदेशक. महाराचा मुलगा संधाता झाला, मराठ्याचा झाला, ब्राह्मणाचाही झाला. त्या कामातली विद्या राहिली, जातीची सक्ती गेली. चाकणच्या कारखान्यांत आज त्याच मुलांचे हात चालतात. लोखंडाच्या बाबतीत जे समाजाला जमले ते नाचाच्या बाबतीत का जमू नये?

तेव्हा मागणी स्पष्ट करते. सरकारची दहा-पंधरा दिवसांची लावणी शिबिरे पुरेशी नाहीत. पूर्ण अभ्यासक्रमाची, कायम पदांची शाळा हवी. ती नारायणगावला निघावी किंवा महापालिकेच्या निगडीतल्या संगीत अकादमीसारख्या संस्थेत तिचा विभाग निघावा. तिथे प्रवेश कुणालाही, मुलग्यांनाही. कारण पूर्वी तमाशात नाच्या पोरगाच असे. फडातल्या आणि बारीतल्या घरांतल्या मुलींवर तिथे येण्याची कसलीही सक्ती नको. त्यांनी डॉक्टर व्हावे, वकील व्हावे. तसे वाटले तरच नाचावे. शिकवायला मात्र त्याच घरांतल्या वृद्ध कलावंत हव्यात, पदवीची अट काढून, पूर्ण वेतनावर, पेन्शनसह. अदांची, तोड्यांची, बोलांची पद्धत त्यांच्या तोंडून लिहून घ्यावी आणि पुस्तकावर नाव त्यांचे असावे, लिहून घेणाऱ्या प्राध्यापकाचे नव्हे.

पदवीची अट काढा म्हटले की माझ्याच व्यवसायातले लोक दचकतात. मला पदवीची किंमत त्यांच्यापेक्षा कमी ठाऊक नाही. ती मिळवण्यासाठी आमच्या घरातल्या आधीच्या सगळ्या पिढ्या खर्ची पडल्या. पण ज्या समाजाने एका बाईला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यानेच पुढे तिच्या विद्येला प्रमाणपत्र मागावे, यात न्याय कुठला? वागानोवा शिकवू शकली कारण तिच्या देशात नर्तकीसाठी शाळेचे दार आधीच उघडे होते. ते आपल्याकडे उघडावे लागेल.

चळवळीने 'सोड' म्हटले, ते बरोबर म्हटले. आता त्यापुढचा शब्द म्हणायची वेळ आहे. शिकव.